दावा फेटाळला म्हणजे पैसे बुडाले का?



या महिन्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक माझी होती आणि पैसे माझ्या मोठ्या बहिणीचे होते. आपाने लिहायला परवानगी दिली, पण एका अटीवर: गावाचे आणि तिचे नाव द्यायचे नाही.

आपा शिवणकाम करते. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलींचे सलवार-कमीज तिच्याकडेच शिवून होतात. कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक करावे लागते. ते काम ती बाहेरून करून आणायची. एका कमीजमागे काही रुपये तिथे जायचे, शिवाय दोन खेपा व्हायच्या. रमजानच्या दिवसांत तर रोजा ठेवून भर उन्हात गठ्ठा घेऊन जायचे आणि आणायचे. या वर्षी तिची भिशी लागली, तेव्हा तिने ठरवले की आपली स्वतःची ओव्हरलॉक मशीन घ्यायची.

मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. तीन धाग्यांची मशीन, मोटर आणि टेबलासह, किंमत १३,८०० रुपये. पैसे एका ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फत भरायचे होते आणि त्या पानावर ठळक अक्षरांत ‘खरेदीदार संरक्षण’ असे लिहिले होते. वस्तू आली नाही किंवा सांगितल्यापेक्षा वेगळी आली, तर पैसे परत मिळतील असा त्याचा अर्थ. आपाने मला विचारले. मी म्हणाले, “घे, भरवशाचे दिसते.” दुल्हाभाईंच्या डेबिट कार्डावरून पैसे भरले. रमजानला तेव्हा दोन महिने होते.

आठव्या दिवशी पार्सल आले. उघडले तर आत फक्त मशीनचा वरचा भाग. मोटर नाही, टेबल नाही, आणि सुईच्या पट्टीवर गंज. विक्रेत्याला फोन केला, तर तो “साहेब बाहेर आहेत” म्हणाला आणि नंतर त्याने फोन उचलणेच बंद केले. दुसऱ्या दिवशी शाळेत दोन तासांच्या मधल्या वेळेत, स्टाफरूममध्ये बसून, मी आपाच्या वतीने त्या पेमेंट सेवेकडे दावा भरला.

दाव्याचे कारण निवडायचे होते. पहिलाच पर्याय होता, ‘वस्तू मिळाली नाही’. मला वाटले, बरोबरच आहे, मागवलेली मशीन मिळालीच नाही ना! मी तो निवडला, चार ओळी लिहिल्या आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.

तेरा दिवसांनी निरोप आला. दावा फेटाळला होता. कारण दिले होते की पार्सल दिलेल्या पत्त्यावर पोहोचल्याचा पुरावा विक्रेत्याने सादर केला आहे. सोबत कुरियरची पावती जोडली होती आणि तिच्यावर माझ्या भाचीची सही होती.

आपाने तो निरोप मला पाठवला आणि खाली लिहिले, “जाऊ दे गं. गया सो गया.” दुल्हाभाई काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच तिला जास्त लागले. पुढच्या वेळी काही घ्यायचे म्हटले की घरात हा विषय निघणार, हे तिला माहीत होते. आपल्या घरांत अनेक बायकांच्या हातून असे पैसे जातात आणि त्या कोणाला सांगत नाहीत. पैशांचे दुःख असतेच, पण “तुला कोणी सांगितले होते?” हे ऐकण्याची भीती त्याहून मोठी असते.

मी संतापले. चार दिवस तर त्या निरोपाकडे पाहिलेच नाही. मग एका रात्री बसून दोन पाने भरून पत्र लिहिले. आपाची परिस्थिती, भिशी, तिचे कष्ट, रमजानचे काम, गरिबांना लुटणाऱ्या कंपन्या, सगळे त्यात आले. पाठवण्याआधी भाचीला वाचून दाखवले. ती अकरावीत आहे. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “खालाजान, पण ते तर म्हणतात पार्सल मिळाले. मिळालेच आहे की! मीच सही केली.”

मी गप्प झाले. वीस वर्षे होत आली, मी मुलांना सांगते आहे: प्रश्न आधी नीट वाचा. जे विचारले आहे त्याचे उत्तर लिहा, जे पाठ आहे ते लिहू नका. आणि मी स्वतः काय केले होते? त्यांनी विचारले होते, कारण काय. मी चुकीचे कारण निवडले. त्यांनी त्या कारणाची तपासणी केली आणि त्या कारणापुरता त्यांचा निर्णय बरोबर होता. आता मी दोन पाने लिहिली होती, आणि त्यातही त्यांच्या मुद्द्याला एका ओळीचे उत्तर नव्हते.

त्या रात्री मी तो निरोप पुन्हा वाचला, या वेळी शेवटपर्यंत. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत होते की नवी माहिती असल्यास १० दिवसांत फेरविचाराची विनंती करता येईल. सात दिवस संपले होते.

मग आम्ही तिघी बसलो. विनंती एका पानाची केली.

पहिल्या परिच्छेदात सरळ कबूल केले: पार्सल अमुक तारखेला मिळाले, हे आम्हाला मान्य आहे. दावा भरताना कारण चुकीचे निवडले गेले. आमची तक्रार ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ ही आहे.

दुसऱ्या भागात दोन रकाने केले. डावीकडे जाहिरातीत काय सांगितले होते, उजवीकडे प्रत्यक्षात काय आले. मोटर: होय; आली नाही. टेबल: होय, आले नाही. नवी: होय; पट्टीवर गंज, फोटो क्रमांक ३ पाहा. एकूण वजन ३४ किलो. इथे भाची थांबली आणि म्हणाली, “कुरियरच्या पावतीवर वजन असते ना?” पाहिले तर होते, ११ किलो ४०० ग्रॅम. विक्रेत्याने स्वतः जोडलेल्या पुराव्यातच लिहिले होते की त्याने ३४ किलोची वस्तू पाठवलेली नाही. आम्ही ती ओळ अधोरेखित करून तीच पावती परत जोडली.

तिसऱ्या भागात मागणी एका वाक्यात: वस्तू परत घ्यावी आणि पूर्ण १३,८०० रुपये परत द्यावेत.

पुरावे क्रमांक देऊन जोडले. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, पार्सलवरच्या चिठ्ठीचा फोटो, मशीनचे चार बाजूंचे फोटो, विक्रेत्याला पाठवलेले संदेश, आणि बाजारातल्या मशीन दुरुस्ती करणाऱ्या चाचांनी दुकानाच्या बिलावर लिहून दिलेल्या तीन ओळी की या भागाला मोटर आणि टेबल नाही आणि ते जोडल्याशिवाय ही चालणार नाही. आठव्या दिवशी विनंती पाठवली.

दोनच दिवसांत विक्रेत्याचा फोन आला. इतके दिवस न लागणारा फोन! अगदी गोड बोलत होता. “बाजी, गैरसमज झाला. तुम्ही तक्रार मागे घ्या, मी उद्याच मोटर पाठवतो. तक्रार चालू आहे तोवर माझे खाते अडकले आहे.” आपाचे मन लगेच विरघळले. तिला वाटले, बिचाऱ्याचे नुकसान कशाला करायचे? मी तिला म्हणाले, तो आधी मोटर आणि टेबल पाठवू दे, वस्तू पाहू, मग मागे घेऊ. विक्रेत्याला हेच लेखी कळवले. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. बऱ्याच सेवांच्या नियमांत एकदा बंद केलेला दावा पुन्हा उघडता येत नाही. म्हणून पैसे किंवा वस्तू हातात येईपर्यंत दावा मागे घेऊ नये, कोणी कितीही अजीजी केली तरी.

अकरा दिवसांनी निर्णय बदलला. मशीन परत पाठवा, पोहोचल्याचा पुरावा द्या, पैसे मिळतील. कुरियरचे ७२० रुपये आपाच्याच खिशातून गेले. पैसे तेराव्या रोज्याला खात्यात आले. तोवर तिने ईदची बरीच कामे परत पाठवली होती. तेव्हा सगळे भरून निघाले असे मी म्हणणार नाही. अल्हम्दुलिल्लाह, मूळ रक्कम परत आली.

आता थोडे सगळ्यांच्या उपयोगाचे. फेरविचारातही नकार आला असता तर? तरीही रस्ते होते, आणि मी त्यांची माहिती काढून ठेवली होती.

पहिली गोष्ट अशी की ‘खरेदीदार संरक्षण’ हा त्या कंपनीने स्वतः बनवलेला नियम आहे. त्यात नकार मिळाला म्हणून कायद्याने दिलेला हक्क संपत नाही. तक्रारखिडकीवरचा नकार शेवटचा समजू नका. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल शोधा आणि त्यांना लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या अशा अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एक महिन्यात तक्रारीचा निकाल लावायचा असतो.

दुसरा रस्ता बँकेचा. पैसे डेबिट किंवा क्रेडिट कार्डावरून भरले असतील, तर ज्या बँकेचे कार्ड आहे तिच्याकडे ‘चार्जबॅक’ची मागणी करता येते. म्हणजे बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागते. वस्तू वर्णनाप्रमाणे नसणे हे त्यासाठीचे मान्य कारण आहे. याला मुदत असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी ती साधारण १२० दिवसांची आहे, पण बँकेत लवकर गेलेले केव्हाही चांगले. पेमेंट सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत संपू देऊ नका. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी मागणी केली, तर काही सेवा आपल्याकडचा दावा बंद करतात. आधी त्यांचा नियम वाचा आणि क्रम ठरवा.

यूपीआयने एखाद्याच्या नंबरवर सरळ पैसे पाठवले असतील, तर सहसा असे संरक्षण नसते. ते हातात रोकड दिल्यासारखेच झाले. अनोळखी विक्रेता “ॲपमधून नको, या नंबरवर पाठवा, दोनशे रुपये कमी करतो” म्हणाला, तर त्या दोनशे रुपयांत तो तुमचे संरक्षण विकत घेत असतो.

तिसरा रस्ता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. बँक, वॉलेट किंवा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची पेमेंट कंपनी यांच्या सेवेत कसूर झाली, तर लोकपालाकडे तक्रार करता येते. आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर पुढे जाता येते. फी नाही. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. मशीन गंजलेली होती की नाही, हे लोकपाल ठरवत नाही. पुरावा देऊनही कंपनीने तो पाहिला नाही, मुदतीत उत्तर दिले नाही, स्वतःचाच नियम पाळला नाही, अशी तक्रार तिथे न्यायची.

चौथा रस्ता ग्राहकाचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बरेचदा तिथून विचारणा झाली तरी विक्रेता जागा होतो. तिथेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. विक्रेता सुरतेचा असो की दिल्लीचा, तुम्हाला तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे.

इथे शिवणकाम, मेहंदी, टिफिन करणाऱ्या भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. “तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसल्या?” असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. व्यापारासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात येत नाही हे खरे, पण स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यापारी धरली जात नाही, असे कायद्यातच स्पष्ट केले आहे. आपासारखी स्वतःच्या हाताने शिवून घर चालवणारी बाई ग्राहकच आहे.

आणि एक सावधगिरी. दावा फेटाळला गेला की माणूस घाईने इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. तिथे फसवणाऱ्यांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. नंबर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यावा. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, समोरचा सांगतो ते ॲप मोबाइलमध्ये घ्यावे लागत नाही. असे कोणी मागितले तर फोन ठेवून द्या. फसवणूक होऊन खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा. तिथे जितका उशीर कराल, तितके पैसे परत मिळणे कठीण होत जाते.

अब्बांचे छोटे किराणा दुकान होते. उधारी दोन रुपयांची असली तरी वहीत लिहायचे, आणि समोरच्याला वाचून दाखवायचे. कोणी हसले तर म्हणायचे, कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याबद्दल आहे, उगाच नाही. सूरह बकरामधील ती २८२ वी आयत. आज वही नाही, पण जाहिरातीचा स्क्रीनशॉट ही वहीच आहे. विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी जाहिरात बदलली, तर तुमच्याकडे काय राहील? पैसे भरण्याआधी स्क्रीनशॉट काढा. पार्सल उघडताना घरातल्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, आणि वरची चिठ्ठी दिसेल असा काढा. वजन, तारीख आणि नंबर त्याच चिठ्ठीवर असतात. फोनवर बोलणे झाले, तर त्यानंतर तेच दोन ओळींत लिहून पाठवा.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाकडे गेले होते. परत आलेल्या पैशांतून तिने गावातल्याच दुकानातून मशीन आणली आहे. स्वतः चालवून पाहून, पक्के बिल घेऊन. मी तिला सांगितले की पहिला नकार त्यांच्यामुळे आला नव्हता, माझ्यामुळे आला होता. नीट वाचून दावा भरला असता, तर तीन आठवडे वाचले असते आणि ईदची निम्मी कामे परत पाठवावी लागली नसती. ती दुपट्ट्याची कड मशीनखाली सरकवत होती. मान वर न करता म्हणाली, “मालूम होतं मला. पोरीने त्याच रात्री सांगितलं. तू लिहीत होतीस, म्हणून बोलले नाही.”

मग तिने मशीन थांबवली, शिरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि दुल्हाभाईंना हाक मारली. ते आले, नवी मशीन पाहिली आणि विचारले, “आता मोटर आहे ना हिला?” आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारच्या भाभी डोकावून गेल्या.